मळणी यंत्राचे मुसके

खळ्यावर पात धरायची म्हटली की आधी बैलांच्या तोंडाला मुसके बांधले जायचे. मधोमध तिवडा रोवलेला, भोवती कणसे पसरलेली, आणि तिवड्याला धरून बैल गोल फिरणार. सुतळीचे जाळीदार मुसके नसले तर प्रत्येक फेऱ्याला बैल एक घास उचलणारच. त्याचा तो हक्क असे म्हणणारे म्हातारे होते, पण मुसके मात्र तेही बांधायचे. मळणीच्या वेळी तोंडाला आवर घालायची रीत अशी यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. बैल दाणे खायचा. त्याच्या जागी जे यंत्र आले ते बोटे खाते, आणि त्याला मुसके बांधायला मात्र संसदेला कायदा करावा लागला.

मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमच्या शिवारात ऑक्टोबरात फिरलात तर वावरावावरात सोयाबीनच्या सुड्या दिसतील. सोंगणीचे गुत्ते आटोपलेले, आभाळाकडे लक्ष, आणि थ्रेशरवाल्याला फोनवर फोन. त्याचा नंबर लागला की रात्र असो की पहाट, मळणी तेव्हाच. ट्रॅक्टर मागे लावतात, त्याची ताकद यंत्राला देणारा पीटीओचा शाफ्ट जोडतात, आणि लोखंडी धूड घरघरायला लागते. बाया सुडीवरून कवळा भरभरून माल आणतात, यंत्राच्या तोंडाशी एक-दोन गडी तो आत लोटतात. बाईच्या अंगात साडीवरून घातलेला मर्दानी शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, पदर आत खोचलेला. हा सगळा बंदोबस्त तिने स्वतःच शोधलेला आहे. भुसा अंगाला चावू नये म्हणून शर्ट, आणि पदर कुठे अडकू नये म्हणून खोचणी. हेच ट्रॅक्टर पुढे हिवाळ्यात विवेकानंद आश्रमाच्या जयंती उत्सवात ट्रॉल्या लावून पंगतींच्या मधून फिरतात, आणि लाखो लोकांना पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. ट्रॅक्टर तोच, मागे काय जोडले एवढाच फरक.

या यंत्राला मराठवाड्याच्या हद्दीकडे ‘हडंबा’ म्हणतात. शब्द ऐकला की हिडिंबेचीच आठवण येते, आणि यंत्राचे रूप पाहता ती व्युत्पत्ती कुणालाही पटेल. पण शब्दाचे माहेर पंजाब. तिकडे मोठ्या थ्रेशरला ‘हड़ंबा’ म्हणतात. हरितक्रांतीत गहू भराभर वाढला, बैलांची पात पुरेना, तेव्हा लुधियानापासूनच्या छोट्या-मोठ्या कारखान्यांनी ही यंत्रे घडवली. यंत्र दक्षिणेकडे आले, त्याच्याबरोबर नाव आले. आणि तुटलेले हातही आले.

कूळ शोधत आणखी मागे गेले की स्कॉटलंडला पोचतो. १७८६ च्या सुमारास अँड्र्यू मिकल या कारागिराने फिरत्या ड्रमचे मळणी यंत्र बसवले. पुढे इंग्लंडात वाफेवर चालणारी यंत्रे गावोगाव भाड्याने फिरू लागली, आपल्या थ्रेशरवाल्यासारखीच. मजूर यंत्रावर उभा राहून ड्रमच्या तोंडात पेंढ्या सोडायचा, पाय घसरला की आत. तेव्हा ब्रिटिश संसदेने १८७८ मध्ये खास मळणी यंत्रांच्या अपघातांसाठी छोटासा कायदा केला. ड्रम आणि माल टाकायचे तोंड यांना आडोसा हवा, एवढाच त्याचा मुद्दा. १८९७ मध्ये कडबाकुट्टीच्या तोंडासाठीही तसाच कायदा झाला. तिथल्या शेतमजुराच्या बोटांची काळजी घेणारे हेच सरकार तेव्हा आपल्यावर राज्य करत होते. आपल्या खळ्यापर्यंत ती काळजी यायला १०५ वर्षे लागली.

मधल्या काळात इकडे काही झालेच नाही असे मात्र नाही. १८७५ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, आणि १८८१ मध्ये हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांवर राबवायचे नाही, धोक्याच्या यंत्राला कुंपण घालायचे. पण त्याला दोन चाळण्या होत्या. शंभर माणसे हवीत, आणि कारखाना वर्षात चार महिन्यांहून जास्त चालायला हवा. या दुसऱ्या चाळणीतून खानदेश-वऱ्हाडातले कित्येक कापसाचे जिन अलगद बाहेर पडले. खामगाव १८७० मध्ये रेल्वेला जोडले गेले, कापसाची मोठी पेठ झाली, जिनिंगचे पट्टे फिरू लागले. पण कापूस येतो हंगामात आणि जिन चालतो हंगामात. हंगामी कामात बोट तुटले तर ते कायद्याच्या हिशेबी बाराही महिने तुटलेले नसते की काय, असा प्रश्न त्या कायद्याला विचारावासा वाटतो. हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते १९११ मध्ये.

१८८१ चा कायदा आला त्याच काळात मुंबईत कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचे काम चालले होते. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. रविवारची सुट्टी त्यातूनच आली म्हणून तेवढी सगळ्यांना आठवते. अर्जातले आणखी एक मागणे फारसे सांगितले जात नाही. कामावर इजा झाली तर माणूस बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा पंगू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा यायला त्यानंतर ३९ वर्षे लागली, १९२३ साल उजाडले. त्या कायद्याला जोडलेले कोष्टक एकदा वाचून पाहावे. दोन्ही हात गेले तर कमाईची शक्ती १०० टक्के गेली. एक अंगठा, ३० टक्के. पूर्ण तर्जनी, १४. मधले बोट, १२. करंगळी, ७. दुकानाचा दरफलक वाचावा तसे ते वाचता येते, आणि वाचता वाचता आपण आपला हात उलटसुलट करून बघतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला आणि त्याने यंत्राशी उभ्या माणसाचा बारकाईने विचार केला. चालत्या यंत्राला तेलपाणी करणारा प्रशिक्षित असावा, त्याच्या अंगावर घट्ट कपडे असावेत आणि ते मालकाने पुरवावेत, इथपर्यंत. कापूस दाबायच्या कारखान्यात कापूस उकलणारे यंत्र चालू असेल तिथे बायकांना काम देऊ नये, असेही त्यात होते. हे सगळे छताखाली. थ्रेशर उभा राहतो वावरात, दोन दिवस इथे, तीन दिवस शेजारच्या गावी. त्याला ना छत, ना हजेरीपट, ना फाटक. निरीक्षक आला तरी कुठे येणार? ज्या बाईने घरचा शर्ट साडीवर चढवला, तिला तो मालकाने पुरवावा असे सांगणारे कलम धुऱ्यापलीकडच्या जिनपाशीच थांबले.

सत्तरच्या दशकात पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात गव्हाच्या हंगामात हात गमावलेली माणसे दवाखान्यांत दिसू लागली. रिवाजाप्रमाणे दोष त्यांनाच दिला गेला. झोप आली असेल, घेतली असेल, लक्ष नसेल. दिल्ली आयआयटीचे दिनेश मोहन यांच्यासारख्या संशोधकांनी प्रश्न उलटा फिरवला. रात्रभर उभा राहिलेला माणूस पेंगणारच. मग पेंगला तरी हात ड्रमपर्यंत पोचणार नाही असे तोंड का करू नये? बैलाला ‘दाणे खाऊ नको’ असा उपदेश कुणी करत नव्हते. मुसके बांधत होते.

१९७९ मध्ये भारतीय मानक संस्थेने शक्तिचालित मळणी यंत्रांच्या सुरक्षेचे मानक काढले. त्यातले मुसके म्हणजे माल टाकायचे पन्हाळे. त्याची लांबी किमान ९०० मिलिमीटर, आणि त्यातला ड्रमकडचा ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला. उतार अगदी थोडा, म्हणजे माल लोटावा लागेल, आपोआप घसरत जाऊन हाताला ओढणार नाही. हे आकडे कुठून आले ते समजायला पुस्तक नको. आपला हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजा. ७०-७५ सेंटिमीटर भरेल. पन्हाळे ९० सेंटिमीटर असेल आणि पुढचा अर्धा भाग झाकलेला असेल, तर बाहेर उभ्या माणसाची बोटे ड्रमपर्यंत जातच नाहीत. झोपेत नाही, घाईत नाही.

मानक असले तरी ते पाळण्याची सक्ती नव्हती. ती १९८३ च्या धोकादायक यंत्रे (नियमन) कायद्याने आणली. कायद्याच्या व्याख्येत पहिलेच नाव मळणी यंत्राचे आहे, बाकीची यंत्रे सरकार अधिसूचना काढून त्यात घालेल. बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला परवाना, राज्यात नियंत्रक आणि निरीक्षक, आणि यंत्रावर माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर भरपाई. मला या कायद्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की तो मजुराला शहाणपण शिकवत बसत नाही. तो लोखंड कापणाऱ्या कारखानदाराकडे जातो. वावरावावरात फिरणारे यंत्र पकडता येत नाही, पण ते जन्मते तिथे पकडता येते.

तरीही दर हंगामात स्थानिक पानावर तीच बातमी येते. त्याचे कारण शोधायला मी हिवरा आश्रमच्या बाजूला एका यंत्रापाशी थांबलो होतो. पन्हाळे होते, पण आखूड. झाकणाच्या जागी दोन्ही कडांवर गॅस कटरने कापल्याचे काळे ओरखडे होते.

“झाकण कुठे गेलं?”

“ओला माल अडकते जी तिथं,” चालवणारा पोरगा म्हणाला. “पोत्यामागं पैसे भेटतात. दहा डाव बंद करून काड्या काढत बसलो तर पुढच्या वावरात कधी पोचू?”

त्याच्या म्हणण्यात खोट नव्हती. पावसात भिजलेले सोयाबीन खरोखर अडकते. शेतकऱ्याला पाऊस यायच्या आत उरकायचे असते, थ्रेशरवाल्याला पोत्यांची संख्या वाढवायची असते, मजुराला संध्याकाळी घर गाठायचे असते. तिघांचीही घाई खरी आहे. फक्त तिची किंमत फेडली जाते तिसऱ्याच्या हाताने. मालकाने मुसके काढले आणि हात भूमिहीन मजुराचा गेला, असे होते.

कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात सोयाबीनच्या बियाण्यासाठी ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवा, कोरड्या मालाला त्याहून कमी, असे सांगतात. दाणा फुटू नये, उगवण टिकावी म्हणून. शेतकरी ते ऐकतातही, कारण पुढच्या पेरणीचा प्रश्न असतो. मिनिटाला ४०० म्हणजे सेकंदाला सहा-सात फेरे. दाण्याला जपण्यासाठी वेग मोजणारा माणूस बोटासाठी पन्हाळे मोजत नाही.

जायबंदी झालेल्याला किंवा दगावलेल्याच्या घरच्यांना मिळते ते असे. सातबारा नावावर असेल किंवा त्या घरातले असाल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याच्यासाठी ती नाही. त्याच्या कामी १९२३ चा कायदा यायचा, कारण ट्रॅक्टर किंवा अन्य यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या साधनावर शेतात राबणारा माणूस त्याच्या यादीत होता. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या संहितेत १३ जुने कायदे एकत्र केले, कारखाने, खाणी, गोद्या, मळे, विड्या, सगळे. त्या तेरांत १९८३ चा कायदा नाही. तो वेगळाच उभा आहे, वावरातल्या तिवड्यासारखा.

तेव्हा पुढच्या हंगामात थ्रेशर तुमच्या वावरात आला की पोत्यामागचा भाव ठरवायच्या आधी एक करा. ट्रॅक्टर बंद करायला लावा, चावी तुमच्या खिशात ठेवा, शाफ्ट थांबला की पन्हाळ्याच्या टोकाशी उभे राहून हात खांद्यापर्यंत आत घाला. बोटे ड्रमच्या दात्यांना लागली, तर ते यंत्र परत पाठवा.