वसई-विरारमधील किनारी खानपान

वसई-विरारमधील किनारी खानपान म्हणजे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहराच्या समुद्र व खाडीकिनाऱ्यांवर चालणाऱ्या घरगुती खानावळी, वाड्यांमधील भोजनव्यवस्था, एकदिवसीय सहलींची रिसॉर्टे आणि पुळणीवरील हातगाड्या यांची मिळून झालेली अनौपचारिक भोजनपरंपरा होय. मुंबईच्या चौपाटीप्रमाणे किंवा गोव्याच्या शॅकप्रमाणे तिला एक ठरावीक जागा वा रूप नाही. ती कोळीवाड्यांतील व वाड्यांतील स्वयंपाकघरांतून उगवली असून आजही मुख्यत्वे कुटुंबाच्या, विशेषतः स्त्रियांच्या श्रमावर उभी आहे. त्यामुळे मासळीची आवक, किनाऱ्याची स्थिती आणि किनारी जमिनीवरील हक्क या तीन गोष्टींशी तिचे भवितव्य जोडलेले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

वसई-विरारच्या उत्तरेस वैतरणा नदीचे मुख, दक्षिणेस वसईची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव आणि सुरुची बाग या प्रमुख पुळणी आहेत. किल्लाबंदर व पाचूबंदर ही मच्छीमार वस्तीची गावे वसईच्या किल्ल्यालगत खाडीच्या मुखाशी वसलेली आहेत.

नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार ही पश्चिम रेल्वेची स्थानके समुद्रापासून काही किलोमीटर आत आहेत. दाट नागरी वस्ती या स्थानकांभोवती वाढली. स्थानके आणि समुद्र यांच्यामध्ये केळी, नारळ, पानवेली, फुले व भाजीपाला यांच्या वाड्यांचा पट्टा राहिला. त्यामुळे लोकसंख्येने मोठे (२०११ च्या जनगणनेनुसार १२ लाखांहून अधिक) असूनही या शहराला मुंबईच्या मरीन ड्राइव्हसारखा सलग सागरी दर्शनी भाग लाभलेला नाही. समुद्राकडे जाणारी वाट गावांतून व वाड्यांतून जाते आणि खाण्याची ठिकाणेही त्याच वाटेवर आढळतात.

येथील वाळू काळसर व बारीक आहे. दोन्ही बाजूंच्या खाड्यांतून येणाऱ्या गाळामुळे पाणी गढूळ असते, आणि ओहोटीच्या वेळी समुद्र बराच आत जातो. परिणामी गिऱ्हाइकांची बैठक पाण्याच्या कडेला न होता सुरूच्या बनात किंवा नारळीच्या सावलीत होते.

इतिहास

नालासोपाऱ्याजवळील शूर्पारक, म्हणजेच आजचे सोपारा, हे प्राचीन काळातील महत्त्वाचे बंदर होते. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पा यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ती जिंकली. दोन शतकांच्या या राजवटीत येथे कॅथलिक समाज स्थिरावला. पोर्तुगिजांमार्फत भारतात आलेल्या मिरची व काजू यांसारख्या पिकांचा, तसेच पाव व शिर्का यांच्या वापराचा ठसा उत्तर कोकणच्या खाण्यावर उमटला. मात्र स्थानिक तांदूळ, नारळ, चिंच व मासळी हा मूळ पाया कायम राहिला.

रेल्वेमुळे वसई मुंबईच्या जवळ आली. सुट्टीच्या दिवशी मुंबईहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा सहलकरी हा किनारी खानपानाचा प्रमुख गिऱ्हाईक बनला. १९९० मध्ये राज्य शासनाने सिडकोला या भागासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमल्यानंतर नागरीकरणाचा वेग वाढला. वाड्या, विहिरी आणि मोकळी जमीन टिकावी यासाठी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून जनआंदोलन उभे राहिले. साहित्यिक व धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याच्या अग्रणींपैकी होते. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला.

स्वरूप

किनारी खानपानाचे स्थूलमानाने चार प्रकार आढळतात.

बंदरावरील मासळी व घरगुती रांधप : होड्या किनाऱ्याला लागल्यावर मासळीचा काही भाग लिलावाने व्यापाऱ्यांकडे जातो, तर काही भाग कोळी स्त्रिया वाटे मांडून विकतात. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ताजी मासळी निवडून देणे आणि मागणीनुसार ती घरी रांधून वाढणे या प्रघातातून अनेक छोट्या खानावळींचा उगम झाला.

घरगुती खानावळी : घराच्या ओसरीत किंवा अंगणातील मांडवात चार-सहा मेजे मांडून त्या चालवल्या जातात. पदार्थांची छापील यादी असतेच असे नाही. त्या दिवशी काय मिळाले यावर ताट ठरते. अनेक ठिकाणी आगाऊ निरोप द्यावा लागतो, कारण स्वयंपाक माणसे मोजून केला जातो.

वाड्या व रिसॉर्टे : अर्नाळा, नवापूर, राजोडी व कळंब परिसरात एकदिवसीय सहलीसाठी रिसॉर्टे आहेत. न्याहारी, दुपारचे जेवण व संध्याकाळचा चहा यांचा एकत्रित दर माणशी आकारला जातो. येथे पोहण्याचा तलाव हे प्रमुख आकर्षण असते व जेवण सर्वसाधारण चवीचे असते, त्यामुळे स्थानिक पदार्थांना दुय्यम स्थान मिळते.

हातगाड्या व टपऱ्या : भेळ, वडापाव, भजी, भाजलेले कणीस, बर्फाचा गोळा, शहाळे आणि चहा यांची विक्री पुळणीच्या तोंडाशी होते. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला ताडगोळे मिळतात.

प्रमुख पदार्थ

बोंबील हा या किनाऱ्याचा ओळखीचा मासा होय. तो मुख्यतः डोल जाळ्यात सापडतो. पिशवीच्या आकाराचे हे जाळे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवतात. ताज्या बोंबलात पाण्याचे प्रमाण फार असल्याने तळण्यापूर्वी तो चिरून वजनाखाली दाबतात आणि मग तिखट-हळद लावून तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवतात. उरलेली मासळी बांबूंच्या वलांडीवर वाळवली जाते. सुके बोंबील, जवळा, सुकट आणि सोडे यांना पावसाळ्यात विशेष मागणी असते.

पापलेट, सुरमई, रावस, मांदेली, कोळंबी, चिंबोरी व तिसऱ्या यांचे कालवण किंवा तळण तांदळाच्या भाकरीबरोबर वाढले जाते. चंदेरी पापलेटाला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान्यता मिळाली. खाडीच्या चिखलात सापडणारी निवटी ही स्थानिकांच्या विशेष आवडीची असली, तरी बाहेरच्या गिऱ्हाइकांना ती फारशी परिचित नाही.

एकाच माशाची चव समाजागणिक बदलते. कोळी, मांगेला, वाडवळ, आगरी आणि सामवेदी म्हणजेच कुपारी समाजांचे मसाले व रांधण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यातील ईस्ट इंडियन समाजाचा ‘बाटली मसाला’ वीसहून अधिक घटकांपासून उन्हाळ्यात तयार करून गडद रंगाच्या बाटल्यांत भरून ठेवतात. त्यावरूनच त्याला हे नाव पडले. फुगिया, इंदियाल व सोरपोतेल हे पदार्थ मुख्यतः सणासमारंभाचे असून खानावळींत ते आगाऊ मागणीवरच मिळतात. राजेळी केळी सोलून व वाळवून केलेली सुकेळी ही वाड्यांच्या पट्ट्याची खास देणगी आहे.

हंगाम

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना सागरी मासेमारीस बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा आणि खवळलेल्या समुद्राचा काळ होय. या दिवसांत घरगुती खानावळी खाडीतील चिवणी, चिंबोरी व कोळंबीवर किंवा साठवलेल्या सुक्या मासळीवर भागवतात; काही बंद राहतात. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राची पूजा करतात. श्रावण व गणेशोत्सवात हिंदू गिऱ्हाइकांकडून मागणी घटते आणि त्यानंतर ती पुन्हा वाढते. नाताळ ते नववर्ष हा सर्वाधिक गर्दीचा काळ असतो. अशा रीतीने या व्यवसायाचे वर्ष समुद्र आणि पंचांग दोन्ही मिळून ठरवतात.

श्रम व अर्थकारण

मासेमारीस पुरुष जातात. मासळी निवडणे, वाळवणे, विकणे व रांधणे ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात. घाऊक लिलावात मासळीचा भाव व्यापारी ठरवतो. तीच मासळी घरच्या चुलीवर शिजवून ताटात वाढली, तर तिच्या मूल्यातील मोठा वाटा कुटुंबाकडेच राहतो. पकड कमी झालेल्या वर्षी हा फरक निर्णायक ठरतो. म्हणून घरगुती खानावळ ही पर्यटनाची केवळ सोय नसून मच्छीमार कुटुंबासाठी उपजीविकेचा दुसरा आधार आहे.

कायदेशीर चौकट

सागरी किनाऱ्यावरील बांधकामांचे नियमन १९९१, २०११ व २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनांनी केले आहे. समुद्राच्या बाजूने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा भाग सामान्यतः या क्षेत्रात येतो. २०१९ च्या अधिसूचनेत पुळणीवर तात्पुरत्या पर्यटन सुविधांना काही अटींवर मुभा देण्यात आली.

जून २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने किनारी कुट्यांचे, म्हणजे बीच शॅकचे, धोरण मंजूर केले. पहिल्या टप्प्यात रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग व पालघर या चार जिल्ह्यांतील प्रत्येकी दोन किनारे निवडण्यात आले आणि बहुसंख्य कुट्या स्थानिकांसाठी राखीव ठेवण्याचे ठरले. पालघर जिल्ह्यातून केळवे व बोर्डी यांची निवड झाली. त्या यादीत वसई-विरारमधील एकाही पुळणीचा समावेश नव्हता. हातगाडीवाल्यांना २०१४ चा पथविक्रेता अधिनियम, तर सर्व खाद्यविक्रेत्यांना २००६ चा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम लागू होतो.

प्रश्न

किनाऱ्याची धूप हा सर्वांत दृश्य प्रश्न आहे. अर्नाळा, कळंब व भुईगाव भागांत लाटांच्या माऱ्याने सुरूची झाडे उन्मळून पडली आहेत. चोरट्या वाळूउपशामुळे धूप वाढते. झाडांबरोबर बसण्याची सावलीही नाहीशी होते. खाडीत मिसळणाऱ्या सांडपाण्याचा परिणाम खाडीतील मासळीवर व तिच्यावर अवलंबून असलेल्या छोट्या मच्छीमारांवर होतो. पुळणीवरील प्लास्टिक कचरा आणि पोहताना होणाऱ्या दुर्घटना हे गर्दीचे दुष्परिणाम आहेत.

दुसरा प्रश्न हक्काचा आहे. कोळीवाड्यांतील मासळी सुकवण्याच्या व होड्या ओढण्याच्या मोकळ्या जागा पिढ्यान्‌पिढ्या सामाईक वापरात आहेत, परंतु त्यांची स्वतंत्र नोंद सर्वत्र झालेली नाही. जमिनीचे भाव वाढल्यावर अशा जागांवर प्रथम दबाव येतो. वलांडीची जागा गेली तर सुकी मासळी जाते आणि तिच्याबरोबर पावसाळ्यातील ताटही. भाईंदर व वसई दरम्यान २०२४ मध्ये रो-रो फेरीसेवा सुरू झाल्याने खाडीकिनाऱ्यावरील येणे-जाणे सुलभ झाले आहे. वाढत्या पर्यटकांचा लाभ स्थानिक चुलीपर्यंत पोहोचणे हे या सामाईक जागांच्या रक्षणावर अवलंबून आहे.

हे सुद्धा पहा

वसईचा किल्ला
अर्नाळा किल्ला
कोळी समाज
सामवेदी बोली
बोंबील
सुकेळी