उरल्या पैशांचा पडदा

लग्नघरात मांडववाला, आचारी, बँडवाला, फोटोग्राफर अशी सगळी देणी भागली की शेवटी भटजींची आठवण होते, आणि पाकिटात जे काही उरलं असेल ती त्यांची दक्षिणा ठरते. वास्तविक लग्न लावतात भटजी. कॉम्प्युटर घेणाऱ्याच्या घरी मॉनिटरची हीच गत असते. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, डिस्क केवढी यावर आठ-आठ दिवस खल होतो; मित्र गाठले जातात, मित्रांचे मेहुणे गाठले जातात; आणि सगळा हिशेब मांडून झाल्यावर कुणीतरी विचारतं, "अरे, पण बघणार कशात?" मग वहीच्या तळाशी उरलेल्या आकड्याकडे पाहून मॉनिटर ठरतो.

परवा मलाही एक मॉनिटर घ्यायचा होता. खर्चाला मर्यादा होती, आणि ती पुरुषोत्तमाची नव्हे, चाकरमान्याची मर्यादा होती. भाच्याने एक यादी करून दिली. पण यादी मिळाली की त्या वस्तूचं कूळ-गोत्र शोधत बसायची मला जुनी खोड आहे. शोधता शोधता ध्यानात आलं ते असं, की बेताच्या ऐपतीच्या माणसाला स्वतःचा असा मॉनिटर फारसा कुणी दिलेलाच नाही. त्याच्या वाट्याला आला तो टीव्हीच. कधी उघड, कधी वेष पालटून.

तसे दोघांचे पूर्वज एकच. 1897 साली कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने कॅथोड किरणांची नळी केली. पुढे तिच्यातून टीव्ही निघाला आणि तो घराघरांत गेला. लाखांनी खपत असल्यामुळे स्वस्त झाला. कॉम्प्युटर मात्र बरीच वर्षं कागदावरच उत्तरं टंकीत बसला होता. पडदा असलेली यंत्रं होती, पण ती विद्यापीठांच्या आणि कंपन्यांच्या ऐपतीची. अशात 1973 च्या सप्टेंबरात 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर डॉन लँकेस्टर यांचा 'टीव्ही टाइपरायटर' झळकला. घरचा साधा टीव्ही घ्या, त्याला हे यंत्र जोडा, आणि पडद्यावर 16 ओळी उमटवा, दर ओळीला 32 अक्षरं! कॉम्प्युटर अजून घरात यायचा होता, पण त्याच्या मुक्कामाची सोय अशी आधीच टीव्हीच्या खोलीत झाली.

1976 साली 'अ‍ॅपल-1' आला. किंमत 666 डॉलर 66 सेंट. त्यात मिळायचा फक्त सर्किटचा फळा. कीबोर्ड, वीजपुरवठा आणि पडदा ज्याचा त्याने पैदा करायचा. पुढच्या वर्षी आलेला 'अ‍ॅपल-2' होता 1,298 डॉलरचा, पण टीव्हीला जोडायचा मॉड्युलेटर त्यात नव्हता. मॉड्युलेटरसकट कॉम्प्युटर विकायचा तर तो टीव्ही-रेडिओच्या प्रक्षेपणात खरखर करत नाही, हे अमेरिकन सरकारी खात्यापुढे सिद्ध करावं लागे. म्हणून तो डबा दुसरीच एक कंपनी वेगळा विकू लागली. कुलूप एका दुकानात आणि किल्ली शेजारच्या दुकानात, असा हा सरळ मामला.

त्याच 1977 सालचा 'टीआरएस-80' मला सगळ्यांत जवळचा वाटतो. नुसतं यंत्र 399 डॉलरला, आणि मॉनिटर व कॅसेट रेकॉर्डरसह सुमारे 600 ला. आता हा मॉनिटर म्हणजे काय? तर आरसीए कंपनीचा कृष्णधवल टीव्ही, आतला ट्यूनर आणि स्पीकर काढून टाकलेला. म्हणजे कान उपटून आणि जीभ कापून टीव्हीला मौनीबाबा केलं, आणि त्याच्या दीक्षेनंतरचं नाव ठेवलं मॉनिटर! गंमत पुढेच आहे. त्या टीव्हीची पेटी रुपेरी-काळी होती, म्हणून कंपनीने कॉम्प्युटरही रुपेरी-काळाच केला. छत्रीला शोभेल असा सदरा शिवण्यातला हा प्रकार.

श्रीमंतांची गोष्ट निराळी. 1981 साली आयबीएमने आपला पीसी काढला तेव्हा त्यांचा स्वतःचा हिरव्या अक्षरांचा मॉनिटर होता आणि त्यावर एका ओळीत 80 अक्षरं स्वच्छ दिसत. पण 1,565 डॉलरच्या सर्वांत स्वस्त पीसीत मॉनिटर नव्हता. तो टीव्हीला जोडायचा, आणि टीव्हीवर धड वाचता येत ती 40 अक्षरं. कारण टीव्ही घडवला तो आठ फुटांवरून चेहरे पाहण्यासाठी, हातभर अंतरावरून अक्षरं वाचण्यासाठी नव्हे. कॉम्प्युटरचं चित्र आधी रेडिओलहरीवर चढवायचं आणि टीव्हीने ते पुन्हा उतरवून घ्यायचं. या चढउतारात बारीक अक्षरं फरपटत आणि रंग शेजारच्या घरात ओघळत. 1982 साली ब्रिटनमध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम' 125 पौंडांपासून मिळू लागला. त्याची ओळ 32 अक्षरांची. एकूण, खिसा जितका लहान तितकी ओळ आखूड. त्यातून इंग्रजी 'ए' आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसतो तरी. आपल्याला वर रफार, त्यावर अनुस्वार आणि खाली उकार. तेवढ्या जागेत 'मूर्तीं'ना बसवायचं म्हणजे विसर्जनच.

हे झाले दिसणारे पैसे. न दिसणारी किंमत घरातली माणसं मोजत होती. घरात टीव्ही एक, आणि चिरंजीव त्याला कॉम्प्युटर जोडून बसलेले. ही नस ब्रिटनच्या अ‍ॅम्स्ट्रॅड कंपनीने बरोबर पकडली. 1984 साली त्यांनी 'सीपीसी 464' काढला. कॉम्प्युटर, टेप आणि हिरवा मॉनिटर असं सगळं 249 पौंडांत. रंगीत हवा असेल तर 359. कॉम्प्युटरला लागणारी वीजही मॉनिटरमधूनच यायची, म्हणजे प्लग एकच. पोराने आपल्या खोलीत बसावं, आईबापांनी आपला टीव्ही पाहावा, घरात शांतता नांदावी. पण हिरवा मॉनिटर घेणाऱ्यांनाही कधीतरी रंग पाहावेसे वाटणारच! त्यांच्यासाठी कंपनीने टीव्हीला जोडायचा एक डबा वेगळा विकायला ठेवला. शांततेचा असा भंगही पुन्हा विकतच.

आमच्याकडे ही शांतता आलीच नाही. 1980 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात स्पेक्ट्रमची परवाना घेऊन काढलेली आवृत्ती भारतातही विकली जाऊ लागली होती, आणि थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या दादाने, हट्ट करकरून एक आणवला. मॉनिटरचं नाव काढताच वडील म्हणाले, "टीव्ही आहे की घरात!" होता खरा, शटरवाला, कृष्णधवल. स्पेक्ट्रमचे आठ रंग त्यावर करड्या रंगाच्या आठ छटा होऊन अवतरायचे. 1987 च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागलं होतं, आणि त्या वेळी टीव्हीला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. आजी अंघोळ करून, हात जोडून समोर बसायची. दादा मुकाट्याने वायर काढायचा आणि पडद्याविनाच, अंदाजाने, बटणं बडवत राहायचा. पडद्यावर रामाचा सेतू आणि खाली दादाचा प्रोग्राम, दोन्ही बांधकामं एकदमच चालत.

आजीपुढे कुणाचं चाललं नाही, पण आईपुढे सगळ्यांचंच चालायचं. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट असे. दादाचा प्रोग्राम नेमका तेव्हाच रंगात आलेला. वायर काढायला तो उठला की आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "राहू दे रे, पाहिलाय मी तो." कुठलाही चित्रपट असो, आईने तो पाहिलेलाच असायचा. पुढे कितीतरी वर्षांनी तिच्यासोबत त्यातलाच एक बघत होतो. शेवट जवळ आला तशी ती पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "आता काय होतं गं बाई हिचं?" दादाने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. मॉनिटरचे वाचलेले पैसे कुणी भरले होते त्याची पावती मिळाली, एवढंच.

असो. पुढे मॉनिटर टीव्हीपासून वेगळा निघाला. 1987 साली आलेल्या 'व्हीजीए'चे 640 बाय 480 ठिपके त्या काळच्या घरगुती टीव्हीला थेट पेलणारे नव्हते. पण स्वस्त आणि महाग हा भेद राहिलाच, फक्त तो मिलिमीटरमध्ये गेला. 14 इंची मॉनिटरच्या दोन ठिपक्यांतलं अंतर चांगल्यात 0.28 मिलिमीटर, स्वस्तात 0.39. शतांश अकरा मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना संध्याकाळी कळायचा. शिवाय 14 इंच हे काचेच्या नळीचं माप. तिची कड पेटीत दडलेली, म्हणजे पदरात त्याहून कमीच.

मग सपाट पडदे आले, आणि टीव्हीने पुन्हा गाठलं. रुंद मॉनिटरवर 1920 बाय 1200 ठिपके मिळू लागले होते. पण हाय डेफिनिशन टीव्हीचं माप ठरलं 1920 बाय 1080. तेच पडदे ढिगाने निघणार, म्हणून 2010 च्या आसपास स्वस्त मॉनिटरही त्याच मापाचे झाले. खालच्या 120 रांगा गेल्या. सिनेमा पाहणाऱ्याचं काही बिघडलं नाही. लिहिणाऱ्याच्या चार-पाच ओळी मात्र टीव्हीने खाल्ल्या.

हे सगळं डोक्यात घेऊन लॅमिंग्टन रोडवर गेलो. दुकानदाराने 27 इंची पुढे केला. "साहेब, थोड्या फरकात केवढा मोठा!" मी विचारलं, "ठिपके किती?" तेवढेच, 1920 बाय 1080. म्हणजे तितक्याच कणकेची मोठी पोळी लाटलेली. हिशेब केला, तर 24 इंचीत दोन ठिपक्यांतलं अंतर सुमारे 0.28 निघालं आणि 27 इंचीत 0.31. तो जुना 0.28 आकडा भेटल्यावर गावाकडचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. 24 इंची घेतला. उंची कमी पडत होती, ती दोन जुन्या दिवाळी अंकांनी भरून काढली.

बेताच्या पैशांत मॉनिटर घेणाऱ्याला इतिहासाचं सांगणं एवढंच, की हिशेबाच्या वहीत पडदा पहिल्या ओळीवर लिहावा. काम यंत्र करतं, पण दिवसभर तोंड पाहायचं ते पडद्याचं. खाली काही कमी पडलं तर प्रोसेसरच्या वाट्याला कमी पडू दे. त्याला काय, आत बसलेला असतो, कुणाला दिसत नाही. आणि "माझं काही नाही, तुझं चालू दे" असं घरातून कुणी म्हणालंच, तर वही मिटायच्या आधी आत जाऊन एकदा नीट विचारून यावं.