पाऊस व हिम
पाऊस व हिम : वातावरणातील बाष्पापासून ढगात तयार होऊन जमिनीवर पडणाऱ्या वर्षणाची अनुक्रमे द्रवरूप व स्फटिकरूप अवस्था (→ वर्षण).

उगम : ढगातील जलबिंदू ०° से. खालीही बराच काळ न गोठता राहू शकतात. बर्फालगतचा संपृक्त बाष्पदाब पाण्यालगतच्या दाबापेक्षा कमी असल्याने बाष्प हिमस्फटिकांवर साचते आणि बिंदू आटत जातात (→ बर्जेरॉन प्रक्रिया). खाली येताना शून्यावरील तापमानाचा पुरेसा जाड थर लागला, तर स्फटिक वितळून पाऊस होतो. न लागल्यास हिमच पडते. मध्य अक्षांशांतील पुष्कळसा पाऊस अशा रीतीने मुळात हिमच असतो. सह्याद्रीवरील मॉन्सूनच्या उथळ ढगांत मात्र बर्फाचा संबंध न येता थेंबाला थेंब मिळून पाऊस पडतो.

वैशिष्ट्ये : पावसाचा लहान थेंब गोल, तर मोठा थेंब तळाशी चपटा असतो, चित्रांत दिसणारा टोकदार आकार खरा नव्हे. मोठा थेंब सेकंदाला सु. ९ मी., तर हिमपुंजका सु. १ मी. वेगाने पडतो. गडद लोकरी कापडावर झेललेल्या स्फटिकाचे सहा बाहू नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ही षट्कोनी घडण बर्फातील रेणूंच्या मांडणीतून येते. गार ही निराळी होय (→ गारा).

महत्त्व : पावसाचे पाणी लगेच वाहू लागते, हिम मात्र डोंगरावर साठून उन्हाळ्यात सिंधूसारख्या नद्यांना पाणी पुरवते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात दिसणारे ‘हिमकण’ म्हणजे गोठलेले दव, तो हिमवर्षाव नव्हे (→ दव, दहिवर).