नाव कातरले, चेहरा राहिला: उत्तरकालीन रोमन चांदीच्या नाण्यांविषयी



आजचा विषय मापानेही लहान आहे. साधारण 17-18 मिलीमीटर व्यास, दोन ग्रॅमच्या आसपास वजन, आणि धातू चांदी. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात रोमन साम्राज्यात चाललेल्या या नाण्याला संग्राहक 'सिलिक्वा' म्हणतात. हे नाव आधुनिक अभ्यासकांनी रूढ केलेले. सिलिक्वा हे मुळात एक वजन, कॅरोबच्या शेंगेतल्या बीइतके. आपल्याकडे सराफ गुंजेने सोने तोलत, तसाच हा प्रकार.

या नाण्यांतली फार मोठी संख्या कडेने कातरलेली मिळते. दुकानदाराच्या यादीत तो दोष म्हणून लिहितात, किंमत उतरते, आणि नवा संग्राहक ते नाणे बाजूला सारून पूर्ण गोल नाणे मागतो. सौंदर्याच्या दृष्टीने त्याचे बरोबरच आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने कातरलेले नाणे जास्त बोलते, असे आम्हाला वाटते. मात्र त्याला एक अट आहे. ती अट काय, हे पोहोचेपर्यंत थोडी वाट चालावी लागेल.

आधी चांदीची गोष्ट. ऑगस्टसच्या काळातला रोमन 'दिनार', म्हणजे डेनारियस, जवळजवळ शुद्ध चांदीचा होता. इसवी सन 64 मध्ये नीरोने त्याचे वजनही कमी केले आणि कसही. पुढे सेप्टिमियस सेव्हेरसच्या कारकिर्दीत, म्हणजे 193 ते 211 या काळात, चांदी निम्म्यावर आली. लढाया वाढल्या, सैनिकांचे पगार वाढले, खाणींतून येणारी चांदी काही वाढेना. मग काय करायचं? तर तांबं मिसळायचं. 270 च्या सुमारास 'चांदीच्या' म्हणवणाऱ्या नाण्यात चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली होती. वर नुसता मुलामा. चार दिवस हातात फिरला की आतले तांबे दिसायला लागायचे.

294 च्या सुमारास डायोक्लेशियनने पुन्हा चांगल्या चांदीचे नाणे काढले. एका रोमन पौंडात 96 नाणी, आणि काही नाण्यांवर तो 96 चा आकडाच कोरलेला. राज्य जणू सांगते आहे, तोलून बघा हवे तर! ते फार टिकले नाही. त्यानंतर कॉन्स्टँटाईनने सोन्याचा सॉलिडस आणला, पौंडात 72, आणि साम्राज्याचा आर्थिक डोलारा त्यावर उभा राहिला. चांदीला पुन्हा भरीव जागा मिळाली ती दुसऱ्या कॉन्स्टँशियसच्या काळात. 350 ते 360 या दशकात दोन ग्रॅमची सिलिक्वा स्थिरावली. तिचा कस उत्तम होता. नाण्याच्या मागच्या बाजूला तळाशी टांकसाळीची अक्षरे असतात, ट्रिअरची, लायन्सची, आर्ल्सची, पुढे मिलानची. त्यांच्या शेवटी बऱ्याचदा 'पी एस' ही दोन अक्षरे दिसतात. ती 'पुसुलाटुम' या लॅटिन शब्दाची, म्हणजे भट्टीत शुद्ध केलेली चांदी. शंभर-दीडशे वर्षे मुलाम्याने फसलेल्या लोकांना पुन्हा दिलेले हे वचन होते.

आता नाणे हातात घेऊन वाचू. पुढच्या बाजूला सम्राटाचा उजवीकडे पाहणारा चेहरा, डोक्याला मोत्यांची पट्टी, भोवती गोलाकार त्याचे नाव आणि बिरुदे. ज्युलियन असेल तर बऱ्याच नाण्यांवर दाढी दिसते. त्या शतकातले बहुतेक सम्राट गुळगुळीत दाढी केलेले, हा मात्र तत्त्वज्ञांसारखी दाढी राखणारा. मागच्या बाजूला काही नाण्यांवर पुष्पमाला आणि तिच्यात नवसाचे शब्द. हो, चक्क नवस! सम्राटाच्या पाच किंवा दहा वर्षांच्या राज्यासाठी बोललेले नवस फेडले, पुढच्या दहा किंवा वीस वर्षांसाठी नवे बोलले. इतर नाण्यांवर आसनावर बसलेली रोमा देवी आणि रोमन शौर्याची किंवा रोम नगरीची घोषणा.

ही नाणी ब्रिटनमध्ये कशी पोहोचत? मुख्यतः सरकारी खर्चातून. सैनिक आणि अधिकारी यांचे पगार व बक्षिसे यांतून चांदी बेटावर उतरे आणि तिथून बाजारात झिरपे. लंडनची टांकसाळ 325 च्या सुमारास बंद झाली होती. पुढे मॅग्नस मॅक्झिमसच्या काळात ती थोडे दिवस चालली, इतकेच. म्हणजे चलन समुद्रापलीकडून यायचे. 402 नंतर हा ओघ आटला. 407 मध्ये ब्रिटनमधल्या सैन्याने तिसऱ्या कॉन्स्टँटाईनला सम्राट घोषित केले आणि तो फौज घेऊन गॉलमध्ये उतरला. 410 च्या सुमारास बेटावरचा रोमन कारभार संपला.

याच काळात लोकांनी कात्री हातात घेतली. सिलिक्वा कडेने कातरण्याचा हा प्रकार जवळजवळ फक्त ब्रिटनमध्ये आढळतो. मूळ दोन ग्रॅमचे नाणे कातरल्यावर दीड ग्रॅमच्या आसपास येते, कधी त्याहूनही खाली. त्या कातरणाचे काय झाले, याचा मोठा पुरावा 1992 साली मिळाला.

सफोक परगण्यात होक्स्ने नावाचे गाव आहे. उच्चार हॉक्सन. 16 नोव्हेंबर 1992 रोजी तिथल्या शेतात एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला त्याचा मित्र धातुशोधक यंत्र घेऊन गेला. यंत्र वाजले, चमचे निघाले, नाणी निघाली. आणि इथे त्या माणसाने एक मोठी गोष्ट केली. तो थांबला. सगळे उपसून काढण्याऐवजी त्याने कळवले, आणि पुरातत्त्वज्ञांनी उरलेला साठा जागेवरच, थराथराने उकलला. लाकडी पेटी कुजून गेली होती, पण आत काय कशाशेजारी ठेवले होते ते समजले. सुमारे 15,000 नाणी, त्यांत 500 हून अधिक सोन्याची आणि 14,000 हून अधिक चांदीची. शिवाय दागिने, चमचे आणि चांदीच्या चार मिरीदाण्या. त्यांतली एक श्रीमंत स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची आहे. त्यांत पडणारी मिरी आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून गेलेली, हे जाता जाता लक्षात ठेवू. साठ्यातली शेवटची नाणी 407-408 ची. शोधणाऱ्याला 17.5 लाख पौंड बक्षीस मिळाले आणि त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला. तोही आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे!

होक्स्नेच्या सिलिक्वांपैकी बहुतेक सगळ्या कमी-अधिक कातरलेल्या आहेत. सोन्याचे सॉलिडस मात्र जवळजवळ पूर्ण वजनाचे. त्याच पेटीत चारशेहून अधिक स्थानिक नकला आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा चांगल्या चांदीच्या. कातरलेली चांदी वितळवून नवी नाणी पाडली गेली असावीत, असा अंदाज त्यावरून बांधतात. म्हणजे याला निव्वळ चोरी म्हणून भागत नाही. नवे चलन यायचे बंद झाले, व्यवहार तर चालवायचेत, तेव्हा आहे त्या चांदीला ताणून पुरवण्याचा हा उद्योग दिसतो.

पण सगळ्यांत विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. कातरणाऱ्याने कड काढली, कडेची अक्षरे काढली, सम्राटाचे नाव गेले, टांकसाळीची अक्षरेही पुष्कळदा गेली. चेहरा मात्र जपला. कात्री चेहऱ्याभोवती जपून फिरवलेली दिसते, हजारो नाण्यांवर.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, म्हणून इथे अ‍ॅरिस्टॉटलपाशी थांबल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या दोन ग्रंथांत नाण्याविषयी दोन विचार आहेत. 'राज्यशास्त्रा'त तो म्हणतो की धातूवर ठसा मारतात तो दर वेळी तोलण्याचा त्रास वाचावा म्हणून. म्हणजे मोल धातूचे, ठसा सोयीचा. 'नीतिशास्त्रा'त तो सांगतो की पैसा निसर्गाने नव्हे, संकेताने चालतो, आणि ग्रीक भाषेत नाण्याला असलेला शब्दही संकेत किंवा कायदा या अर्थाच्या शब्दावरूनच आला आहे. म्हणजे मोल मान्यतेचे. रोमन राज्याने कागदोपत्री दुसरी बाजू घेतली होती. 438 मध्ये प्रसिद्ध झालेल्या थिओडोशियन संहितेत चौथ्या शतकातला एक कायदा आहे. त्याचा आशय असा: सम्राटाची मुद्रा असलेले सगळे सॉलिडस एकाच भावाने चालले पाहिजेत, चेहरा मोठा उमटला की लहान यावर भाव ठरणार नाही, आणि जो कड कातरील त्याला कठोर शिक्षा.

होक्स्नेची सिलिक्वा या दोन्ही विचारांच्या मधोमध उभी आहे. मोल फक्त धातूचे असते तर चेहरा जपायचे कारण नव्हते. तुकडे करून तोलले असते, आणि पुढे त्या काळच्या चांदीच्या भांड्यांचे तसे तुकडे झालेलेही सापडतात. मोल फक्त मान्यतेचे असते तर कातरलेल्या चांदीसाठी एवढी खटपट कोणी केली नसती. लोकांनी दोन्ही धरून ठेवले. आपल्याकडे नामरूप असा जोडशब्द आहे. इथे नाम कातरले गेले आणि रूप राहिले. ज्या सम्राटाचा हुकूम आता बेटावर चालत नव्हता, त्याच्या चेहऱ्यावर बाजार चालत राहिला, निदान काही वर्षे.

आपल्या जुन्या बाजारात झिजलेल्या नाण्यावर सराफ बट्टा कापून घ्यायचे. 'नावाला बट्टा लागला' हे आपण अजून म्हणतो ते तिथूनच. नाण्यातली तूट आणि अब्रूतली तूट भाषेने एकाच शब्दात ठेवली. पाचव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये या प्रश्नावर लोकांनी काय तोड काढली, ते त्या कातरलेल्या कडांवर दिसते.

आता ती अट. समजा, तुमच्या हातात एकच कातरलेली सिलिक्वा आहे, कागद नाही, पत्ता नाही. ती कधी कातरली? कोणी? पाचव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये, की फार नंतर कोणा लोभी माणसाने? एकटे नाणे हे सिद्ध करू शकत नाही. वर आपण जे जे म्हटले, कातरण कुठे झाले, कधी झाले, सोने वगळले, नकला सोबत होत्या, ते सगळे साठा एकत्र राहिला म्हणून म्हणता आले. होक्स्नेच्या शेतात तो माणूस थांबला नसता, आणि 15,000 नाणी पंधराशे खिशांत गेली असती, तर चांदी तेवढीच राहिली असती. इतिहास मात्र गेला असता.

हे आपल्या मातीतही घडले आहे. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. तिथे जिंकणाऱ्याने जुन्या चेहऱ्यावरच घाव घातला. हे प्रमाण कळले, आणि ठसा मारलेली व न मारलेली नाणी एकत्रच जमा होत होती हे उमगले, ते साठा एकगठ्ठा तपासता आला म्हणून. सुटे एखादे नाणे एवढेच म्हणाले असते की माझ्यावर दोन ठसे आहेत.

इंग्लंडमध्ये 1996 च्या कायद्याने तीनशे वर्षांहून जुन्या, एकाच ठिकाणी मिळालेल्या दोन किंवा अधिक सोन्या-चांदीच्या नाण्यांची नोंद देणे सक्तीचे आहे. सुट्या शोधांसाठी 1997 पासून ऐच्छिक नोंदणीची योजना आहे, आणि तिच्या खुल्या नोंदवहीत दहा लाखांहून जास्त वस्तू चढल्या आहेत. आपल्याकडे निखात निधीचा कायदा 1878 चा, म्हणजे जुनाच. दहा रुपयांहून अधिक मोलाचे जमिनीत सापडले तर कळवलेच पाहिजे. कायदा आहे, पण वितळवणारी मूसही आहे.

तेव्हा ज्यांना ही नाणी जमवायची आहेत त्यांना आमचे सांगणे एवढेच. जमवा, जरूर जमवा. कातरलेले नाणे परतवू नका. पण विकत घेताना कस आणि किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: हे कुठे सापडले, कशाबरोबर सापडले, आणि त्याची नोंद कुठे आहे? उत्तर मिळाले तर ते जाड कागदावर लिहून नाण्याच्या पाकिटात ठेवा, आणि नाणे दुसऱ्याला देताना ती चिठ्ठीही द्या. उत्तर नसेल, विकणारा नुसता हसून विषय बदलत असेल, तर नाणे कितीही देखणे असो, खाली ठेवा आणि उठा.

आता कोणाला काही विचारायचे असेल तर जरूर विचारा.