आधी सूट की मागाहून परतावा?

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी सातवी शिकलेली गृहिणी. पण महिन्याचा बाजार वीस वर्षे करीत आले आहे, तेव्हा त्यातलेच लिहिते.

मागे आमच्या पेठेतील एका दुकानदाराने मला कार्ड दिले होते. दर शंभर रुपयांच्या खरेदीला एक शिक्का आणि २०० शिक्के भरले की २०० रुपयांचा माल फुकट! पलीकडचा दुकानदार मात्र शेकडा तीन रुपये जागच्या जागी कमी करीत असे. तरीही शिक्क्यांच्या ओढीने मी पहिल्याकडेच जात राहिले. १८० शिक्के झाले आणि दुकानच बंद पडले. मग हिशेब मांडला. १८,००० रुपयांच्या खरेदीवर पलीकडे ५४० रुपये वाचले असते. इकडे हाती राहिले ते नुसते कार्ड!

तेव्हापासून हा परतावा वाईटच, असे मी म्हणत असे. पण मुलीने आणलेल्या सहकारावरील पुस्तकात रॉचडेलची हकीकत वाचली आणि विचार बदलला.

रॉचडेल हे इंग्लंडमधील गाव. आपल्या सोलापूरसारखेच विणकरांचे. तेथे २८ जणांनी प्रत्येकी एक पौंड घालून २१ डिसेंबर १८४४ रोजी स्वतःचे दुकान उघडले. माल थोडा : पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या. पण माप पुरे, भेसळ नाही आणि उधारीही नाही. भाव बाजाराचाच ठेवीत. खर्च वजा जाता जे उरे, ते ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत मिळे. रोज चार पैसे स्वस्त घेतले तर ते घरखर्चात कधी विरघळतात, ते कळतही नाही. एकरकमी आलेले मात्र गाठीला राहतात. १८४६ साली एलायझा ब्रायर्ली ही बाई तेथे सभासद झाली. विवाहित स्त्रीच्या कमाईवरही कायद्याने तिचा हक्क नव्हता, त्या काळातली ही गोष्ट!

आपल्याकडे १९०४ साली मद्रासमध्ये ट्रिप्लिकेनचे सहकारी भांडार निघाले. १९४८ साली मुंबईत नायगावला ‘अपना बाजार’ सुरू झाला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने निराळी वाट धरली. शेजारच्या कुटुंबांचे संघ करावयाचे, सर्वांची मागणी एकत्र करून घाऊक भावाने माल आणावयाचा आणि आपणच वाटून घ्यावयाचा. येथे लाभ मागाहून नाही, खरेदीच्या वेळीच.

भगिनींनो, या दोन्ही वाटा खऱ्या, कारण दोन्हीकडे कारभार घेणाऱ्यांच्याच हाती. रॉचडेलचा परतावा म्हणजे सभासदांचाच पैसा सभासदांकडे येई. माझ्या कार्डावरचे शिक्के मात्र दुकानदाराच्या मर्जीचे होते. दुकान आपले असेल तर मागाहूनचा परतावा ही बचत. दुकान परक्याचे असेल तर आजची सूट बरी. त्यातून आपल्या विडी वळणाऱ्या भगिनींचे घर आठवड्याच्या पगारावर चालते. त्यांना वर्षअखेरचे बक्षीस काय कामाचे?

म्हणून एक सुचवते. येत्या दिवाळीचा रवा, साखर आणि हरभराडाळ मंडळाने एकत्र मागणी नोंदवून आणून पाहावी. वजनकाट्यापाशी उभी राहायला मी तयार आहे.