मात्रेचा इतिहास

मराठीत 'मात्रा' या शब्दाला दुहेरी अर्थ आहे. सहाणेवर उगाळून चाटवायचे औषध ती मात्रा, आणि औषधाचे प्रमाण तीही मात्राच. अपस्माराच्या, म्हणजे बोलीतल्या फेफऱ्याच्या, औषधांचा इतिहास चाळताना हे दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, असे आम्हांस वाटते.

रोग प्राचीन आहे. चरकसंहितेत निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत. स्मृतिलोप हे त्याचे मुख्य लक्षण मानून दोषांनुसार चार प्रकार सांगितले आहेत. लोकव्यवहारात मात्र तो बाहेरच्या बाधेशी जोडला गेला आणि झटक्याच्या वेळी कांदा किंवा चप्पल हुंगविण्याची रीत पडली.

१८५७ साली लंडनमध्ये सर चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण सांगितला. झटके आवरले, पण ब्रोमाइड शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. रोजच्या मात्रेने ते साचत जाई, अंगावर पुरळ उठे, बुद्धी मंदावे. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांनी झोपेसाठी दिलेल्या फेनोबार्बिटोनने झटकेही कमी होतात, हे नोंदविले. 'गार्डिनल' या नावाने ते आपल्याकडेही परिचित झाले. १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटोइनचा उपयोग दाखविला; तितकीशी गुंगी न आणता झटके थांबविता येतात, हे त्यातून कळले.

फेनिटोइनची मात्रा मोठी नाजूक. यकृताची ते निकालात काढण्याची शक्ती एका मर्यादेनंतर अपुरी पडते; मग गोळीत केलेली थोडीशी वाढ रक्तात कितीतरी मोठी ठरते. रक्तातील प्रमाण साधारणपणे दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम असावे, असा संकेत आहे. त्यापुढे तोल जातो, बुबुळे थरथरतात, जीभ जड होते. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात औषधाची मात्रा तीच ठेवून कॅप्सूलमधील भरणद्रव्य तेवढे बदलले गेले. कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज आले. औषध अधिक शोषले जाऊ लागले आणि कित्येक रुग्णांना विषबाधेची लक्षणे दिसली. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी पुढे केली, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून ती घेऊ नये, हा त्याचा धडा.

मुंबईतील १४,०१० पारशी व्यक्तींच्या, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर हजारी ४.७ जणांना हा विकार आढळला होता. म्हणजे तो तितकासा दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती त्याची उघड कबुली. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे अपस्माराचे झटके विवाहाला बाधक ठरविले होते. १९९९ साली ते शब्द वगळण्यात आले. कायदा बदलला, पण लग्नाच्या बोलण्यात गोळ्यांची पुडी अजून लपविली जाते. आणि लपवून घ्यायची गोळी पुष्कळदा चुकते.

आमच्या कामरेजच्या आसपास, सुरतेच्या यंत्रमागांच्या आधाराने, खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे राहतात. रात्रपाळीत झोप मोडते, गोळीची वेळ टळते. ही दोन्ही झटक्याला आमंत्रणे होत. 'आता बरे आहे' म्हणून औषध एकाएकी सोडले, तर झटक्यांमागून झटके येऊन जीवावर बेतू शकते. गोळी चुकली म्हणून आपल्याच मनाने दुप्पट घेणेही घातक. गर्भधारणेचा विचार असेल, तर आधीच डॉक्टरांशी बोलावे. व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपाय करू शकते, पण तेही परस्पर बंद करू नये. झटका आला असता रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांत तो न थांबल्यास रुग्णालय गाठावे.

औषध शोधायला शास्त्रज्ञांना पिढ्या लागल्या. ते वेळेवर आणि मापात घेणे मात्र घराच्या हाती आहे. आणि ज्या घरात ते उघडपणे घेता येते, तेथेच मात्रेला खरा गुण येतो.