खाचराची किंमत

मुळशी म्हटलं की आपल्या वयाच्या लोकांना दोन गोष्टी आठवतात: पावसाळ्यातली ताम्हिणीची चक्कर आणि २०१८ सालचा 'मुळशी पॅटर्न'. मी ज्या हिंजवडीत रोज कोड लिहितो, तीही मुळशी तालुक्यातच येते. जमीन जाणं हा या तालुक्याचा जुना विषय आहे. पण तो आयटी पार्कपासून सुरू झाला नाही. तो सुरू झाला शंभर वर्षांपूर्वी, एका धरणापासून.

१९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. योजना अशी होती: नीला-मुळेच्या खोऱ्यात धरण बांधायचं, पूर्वेकडे वाहणारं पाणी अडवून बोगद्यातून पश्चिमेला न्यायचं, सह्याद्रीवरून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडायचं आणि तिथे तयार होणारी वीज मुंबईला द्यायची. त्यासाठी सुमारे पन्नास गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यातले पुढारी. बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. काम काही महिने थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. अटका झाल्या, शिक्षा झाल्या. शेवटी १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांचा तुरुंगवास झाला. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली.

हे सगळं मी वाचलेलं होतं. पण लोक एवढे कशासाठी लढले, हे मला गेल्या पावसाळ्यात भाजी लावताना कळलं.

पौडच्या पुढे एका मित्राच्या घरची उतारावरची दोन गुंठे जागा मी हंगामापुरती घेतली. आयुष्यात पहिल्यांदा हातात कुदळ धरली. भेंडी, दोडका, काकडी, मिरची, टोमॅटो अशी यादी लॅपटॉपवर तयार होती. मित्राच्या आजीनं यादी ऐकून घेतली आणि म्हणाली, "लावशील रं, पर आधी बांध घाल. माती इथं आपसूक ऱ्हात न्हाई, तिला बसवावी लागते."

म्हणून आधी दगड गोळा केले. उताराला आडवे तीन बांध घातले. कुदळ वीतभर खाली गेली की मुरूम लागायचा. जुलैत पाऊस लागला. पुणे शहरात वर्षाला ७००-७५० मिलिमीटर पडतो. ताम्हिणीच्या बाजूला काही वर्षी याच्या सात-आठ पट. पाऊस उघडला की मी बांधाखाली साचलेली माती घमेल्यानं परत वर आणायचो. मांडवावर दोडका आणि काकडी जोमानं चढली. मिरची-टोमॅटो मात्र पिवळे पडून बसले. ही दोन्ही पिकं मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आली. दोडका आणि काकडी इथे त्यांच्या कितीतरी आधीपासून आहेत.

अख्ख्या हंगामात माझ्या तीन बांधांमागे जेमतेम चार बोटं माती साठली. तेव्हा मी खाली, दरीच्या तळाकडे नीट बघितलं. तिथली भाताची खाचरं सपाट आणि काळसर होती, गुडघाभर पाणी धरून उभी होती. आंबेमोहर पिकतो तो अशा जमिनीत. ही सपाटी निसर्गानं दिलेली नाही. कुणीतरी उतार कापला, बांध घातला, दरवर्षी राब भाजला, शेण घातलं, फुटलेला बांध पुन्हा लिंपला. माझ्या चार बोटांच्या हिशोबानं त्या खाचरात किती पिढ्या असतील, ते तुम्हीच मोजा.

धरणाचं पाणी भरलं ते नेमकं याच तळावर. वरचे वरकस उतार तेवढे उरले, नाचणी-वरईचे.

कायदा होता १८९४ चा भूसंपादन कायदा. बाजारभाव आणि सक्तीच्या संपादनाबद्दल वर १५ टक्के, असा त्याचा हिशोब. त्यात खाचर म्हणजे अमुक एकर, अमुक दर. आणि पैसे कुणाला? बरीच जमीन पुण्यातल्या सावकारांच्या मालकीची किंवा त्यांच्याकडे गहाण होती. त्यांच्यातले अनेकजण पुढे वाढीव मोबदल्यावर तडजोडीला तयार झाले. सावकाराला जमिनीच्या बदल्यात पैसे चालत होते, कारण त्याच्यासाठी जमीन हाही पैसाच होता. बांध लिंपणाऱ्या कुळाचं तसं नव्हतं. त्याची कमाई मातीत मुरलेली होती आणि ती उचलून दुसरीकडे नेता येत नव्हती.

मुंबईला वीज हवी होती, हेही खरं. गिरण्या, दिवे, रेल्वे, आणि त्यावर पोट भरणारी लाखो माणसं, त्यात मुळशीतूनच गेलेलेही कित्येक. मी स्वतः दिवसभर विजेवरच जगतो. त्यामुळे धरण नकोच होतं, असं म्हणणं मला सोपं वाटत नाही. पण जे घेतलं ते नेमकं काय होतं, याची नोंद तरी बरोबर हवी. एकर ही खाचराची अर्धीच नोंद आहे.

उठवलेल्यांपैकी अनेक कुटुंबं दूर गेली. काही तिथेच वर सरकली, तलावाच्या काठावरच्या उतारांवर. तिथल्या काही वस्त्यांमध्ये घराखालच्या जागेच्या हक्काचा प्रश्न आजही मांडला जातो. त्या वर सरकलेल्या लोकांचा पहिला पावसाळा माझ्या डोक्यातून जात नाही. जन्मभर भात लावलेली माणसं, हाताला सगळं ठाऊक, आणि पायाखाली मुरूम. माझा पहिला हंगाम हौसेचा होता. दोडका नसता आला तर मी मंडईतून आणला असता. त्यांच्यावर मात्र पन्नाशी-साठीत पुन्हा नवशिके व्हायची वेळ आली होती, आणि बांधाचा पहिला दगड त्यांना पुन्हा शोधावा लागणार होता.